नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, तरी रीफ टाकीत (खाऱ्या पाण्यातल्या मासे-कोरलच्या टाकीत) तपकिरी शेंबूड. हे जगतंय कशावर?

भांडुपचा_खारा

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज नाइलाजाने लिहितोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी). दगड-वाळू वजा जाता पाणी २०० लिटर धरा. वय अडीच वर्षं. क्लाउनची जोडी, एक सिक्सलाइन रॅस, एक लॉनमोअर ब्लेनी. कोरल सगळी मऊच: झोआ, मशरूम, केनिया ट्री आणि पंजाएवढा एक लेदर. ग्रॅव्हिटी १.०२५, तापमान २६, अल्कलिनिटी ८.५.

गणपतीला आठ दिवस देवगडला होतो. मासे शेजारच्या काकांच्या हवाली. मी आठ पुड्या बांधून दिल्या होत्या, दिवसाला एक. पण काकांना माशांची दया आली. "काचेपाशी येऊन तोंड वासतात रे बिचारे!" त्यांनी कपाटातून डबाच शोधून काढला. आलो तेव्हा डबा अर्धा. पंधरा दिवसांत दगडांवर हिरव्या केसांचं (केसाळ शेवाळाचं) रान माजलं. नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.५. काकांना बोलायची सोय नाही, आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असते.

मग मी हट्टाला पेटलो. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) दुप्पट केलं, नायट्रेट-फॉस्फेट खाणारे बॅक्टेरिया वाढवायला रोज ३ मिली व्होडका (टाकीत! बायकोला अजून शंका आहे), दर रविवारी ४० लिटर पाणी बदल, दिवे सहा तासांवर आणले. दोन महिन्यांत केस गळाले, किटवर दोन्ही शून्य. त्या शून्याचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता, आता सांगायला लाज वाटते.

कारण गेले तीन आठवडे हे नवीन. दुपारी दिवे लागतात तेव्हा वाळू पांढरी स्वच्छ. दुपारी चारपर्यंत तपकिरी. सात वाजता लेदरच्या कडेवरून शेंबडाच्या तारा लोंबायला लागतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला साबुदाण्याएवढा एक बुडबुडा. नळीने ओढून काढलं की दुसऱ्या दिवशी तेवढंच हजर. सहा टर्बो गोगलगायींपैकी चार उताण्या. झोआ मिटलेले. चादर गुंडाळून तीन दिवस पूर्ण अंधार केला, चौथ्या दिवशी टाकी लखलखीत, आठव्या दिवशी पुन्हा शेंबूड.

खायला पाण्यात काही नाही, मग हे पोसतंय कोण? जीएफओ आणखी वाढवू का?

करीरोड_रीफर

दादा, हे सायनो आहे. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या घ्या मेडिकलमधून, कुटून टाका. माझ्याकडे लाल चादर आली होती, तीन दिवसांत साफ. जास्त विचार नका करू.

मुलुंड_मरीन

आधी एक विचारतो. रोज वरून जे पाणी भरता ते कुठलं? किचनच्या आरओचं असेल तर त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून सांगा.

महापालिकेचं पाणी तलावांचं, मऊ, म्हणून आपल्याला वाटतं चालतंय. पण घरच्या आरओत चवीसाठी एक टीडीएस कंट्रोलर असतो. तो स्क्रू थोडा उघडा असला की कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं. वर मिनरलचं कार्ट्रिज. माणसाला बरं, टाकीला नाही. हल्ली थंडीत माझ्याकडे रोज ३ लिटर पाणी उडतं (पावसाळ्यात हवाच एवढी दमट की लिटरभरही उडत नाही, पंखा लावून टाकी थंड करायची सोयही तेव्हा संपते). उडतं ते नुसतं पाणी, बाकी सगळं मागे राहतं. महिन्याला ९० लिटर कच्चं पाणी आटवून घातल्यासारखं होतं ते.

आणि शून्य कुठल्या किटवर? थेंबवाल्या किटचा फिका निळा रात्री ट्यूबलाइटखाली मलाही कधी दिसला नाही.

खारीमासोळी

करीरोड, ते औषध परत कुणाला सुचवू नका. सायनो हे बॅक्टेरिया, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतं. पण ते चालतं तसंच फिल्टरच्या बॅक्टेरियांवरही चालू शकतं. आणि इथे दिसतंय ते बॅक्टेरियाच नाही. सायनोची चादर असते, बोटाने उचलली तर पापुद्र्यासारखी निघते. टोकाला बुडबुडा, रात्री गायब, गोगलगायी मेल्या: हे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे डायनो, एकपेशीय जीव. डायनोंवर गोळी वाया जाणार, आणि गोळीचं पाणी पुढे गटारात जातं ते वेगळंच.

भांडुपकर, जीएफओ वाढवू नका. उलट आज रात्रीच काढा. व्होडकाही बंद.

तुम्ही जिंकलात ना, तिथेच घोटाळा झाला. दगडावर जागेसाठी रोज मारामारी चालू असते: हिरवं शेवाळ, कोरलाइन (दगडावर कवचासारखं चढणारं शेवाळ), बॅक्टेरिया, डायॅटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ). तुम्ही सगळ्यांचं रेशन बंद केलंत. बाकीचे उपाशी मेले, डायनो नाही मेले, कारण यातले बरेच प्रकार दोन्हीकडून जेवतात. प्रकाशावर अन्न बनवतात आणि वर बॅक्टेरियाही गिळतात. आणि तुम्ही व्होडका घालून बॅक्टेरियाच पोसत होतात!

खऱ्या रीफच्या पाण्यातही नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ नसतंच, असं कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे, पण तिथे दिवसभर प्लवकं वाहत येतात, ताट फिरतं असतं. तुमच्या २०० लिटरमध्ये दिवसाला एक पुडी.

खात्री करायला एक घरगुती चाचणी. बरणीत टाकीचं पाणी घ्या, त्यात शेंबूड घाला, जोरात हलवा. टिश्यू पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. परत गोळा होऊन तारा दिसल्या तर डायनो. डायॅटम किंवा सायनो असे पुन्हा जमत नाहीत. हातमोजे घाला. ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा प्रकार पॅलिटॉक्सिनच्या जातीचं विष बनवतो, झोआंमध्येही हेच विष असू शकतं. म्हणून वैतागून दगड गरम पाण्यात उकळू वगैरे नका. त्या वाफेने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

भांडुपचा_खारा

ताई, काल केलं. लोणच्याची रिकामी बरणी घेतली, दिव्याखाली ठेवली आणि मॅच बघत बसलो. पन्नासेक मिनिटांनी पाहिलं तर तळाशी चक्क जाळं विणलेलं! आईने बघितलं आणि "ही बरणी परत ओट्यावर आणायची नाही" म्हणून बाहेर ठेवली.

तोच नमुना भाचा त्याच्या कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये घेऊन गेला. ४०० पटीला व्हिडिओ काढलाय. थेंबाच्या आकाराचे पेशी-दाणे, एका टोकाला निमुळते, आणि खुंट्याला बांधलेल्या रेड्यासारखे जागच्या जागी गोल गोल फिरतायत.

मुलुंडसाहेब, तुम्ही बसल्या जागी पकडलंत. पाणी किचनच्या आरओचंच, टीडीएस ३८. सर्व्हिसला आलेल्या मुलाने "पाणी गोड लागेल" म्हणून स्क्रू फिरवला होता म्हणे. आणि किट थेंबांचंच आहे, वाचतो रात्री दहाला.

मुलुंड_मरीन

कंट्रोलरच्या आधीच टी-जोड टाकून मेम्ब्रेनचं पाणी बाजूला काढा, पुढे एक डीआय रेझिनची (उरलेले क्षार काढणारी) नळी लावा. टीडीएस शून्य आला पाहिजे. रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते, म्हणून १-२ दिसायला लागलं की बदला.

चेकर (आकडा दाखवणारं छोटं मोजयंत्र) माझा घेऊन जा महिनाभर. फॉस्फरसचा आहे, पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) वाचतो. आकडा येईल त्याला ३.०६६ ने गुणा, हजाराने भागा, ते फॉस्फेट. काचेची कुपी पुसून घाला, बोटाचा एक ठसा राहिला की आकडा उडतो.

खारीमासोळी

गोल फिरणारे थेंब म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस. नशीबवान आहात! हे रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून यूव्हीने (पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवलं की) मरतात. ॲम्फिडिनियम असतं तर रात्रीही वाळूतच बसलं असतं, यूव्ही त्याला शिवलाच नसता. मग सिलिकेट घालून डायॅटम वाढवण्याचे उद्योग करावे लागले असते.

यूव्ही १८ वॅटचा बघा. दर १०-१२ लिटरला १ वॅट हा आम्हा लोकांचा ठोकताळा आहे. पाणी थेट वरच्या टाकीतून घ्या आणि टाकीतच सोडा. संपमध्ये लावाल तर निम्मे डायनो तिथवर पोचणारच नाहीत. पंप हळू. सोबत चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन, मेलेल्या डायनोंचं विष शोषायला. पाणी बदल सध्या बंद. माझ्या टाकीत दर बदलानंतर दुसऱ्या दिवशी जोमाने यायचे.

आता रेशन. नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे द्राक्षबागायतदारांचं १३:०:४५. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ०:५२:३४. पाण्यात पूर्ण विरघळणारं, त्यात मायक्रोन्यूट्रिएंट मिसळलेलं नको. शंका असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या केमिकलवाल्यांकडे प्रयोगशाळेच्या प्रतीचं मागा. सोनाराचा छोटा काटा लागेल.

पहिल्या बाटलीत १ लिटर डीआय पाणी आणि १६.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. याचे २० मिली घातले की तुमच्या २०० लिटरमध्ये नायट्रेट १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) चढतं. दुसऱ्या बाटलीत १ लिटरला १.४३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट. याचे ४ मिली म्हणजे ०.०२ पीपीएम. बाटल्यांवर नावं घाला, अदलाबदल झाली तर मला सांगू नका. रोज मोजून, रोज थोडं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणून टिकवायचं. फॉस्फेट संध्याकाळी घालाल आणि सकाळी शून्य दिसेल, घाबरू नका. उपाशी दगड आणि वाळू आधी स्वतः पितात.

करीरोड_रीफर

ताई, रेडफिल्ड रेशो (नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण) १६:१ ना? मग नायट्रेट १० असेल तर फॉस्फेट ०.६ पाहिजे. आणि वाळू साफ ठेवायला एक सी कुकुंबर का नाही सोडत?

खारीमासोळी

सी कुकुंबर आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. दगडी कोरलही त्यातच. म्हणून तर आपण सगळे मऊ कोरलवाले. दुकानदार "चालतं हो" म्हणेल, धाड पडली की ते चालत नाही.

रेडफिल्डचं म्हणाल तर १६:१ हा अणूंचा हिशेब आहे. आपली किटं वजनात मोजतात, तिथे तो साधारण १०:१ होतो. त्या हिशेबाने १० ला १ पीपीएम फॉस्फेट, म्हणजे भांडुपकरांचं केसांचं रान पुन्हा सुरू! रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडलं ते समुद्रातल्या पाण्याबद्दल आणि प्लवकांबद्दल, ते टाकीचं वेळापत्रक नव्हे. दोन्हीपैकी एकही तळाला जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी त्यातून घेते.

भांडुपचा_खारा

पाच आठवडे झाले, हिशेब देतो.

चेकरवर पहिलं वाचन १. म्हणजे खरोखरच उपासमार होती, किट खोटं बोलत नव्हतं. पहिले नऊ दिवस रोज ४ मिली फॉस्फेट घालायचो आणि सकाळी २-३ च्या वर आकडा जाईना. बायको म्हणाली, एवढं तर लग्नात जावयालाही कुणी वाढत नाही. दहाव्या दिवशी ९ दिसला. यूव्ही लावून तेव्हा सहा दिवस झाले होते. आणि त्या संध्याकाळी सात वाजता खुर्ची घेऊन टाकीसमोर बसलो तर लेदरच्या कडेला एकच तार, तीही आखूड, बुडबुड्याशिवाय. पंधराव्या दिवसापासून तीही नाही.

आज वाचन २३, म्हणजे फॉस्फेट ०.०७. नायट्रेट ८. झोआ उघडलेत, एक कॉलनी सोडून, ती गेली बहुतेक. उरलेल्या दोन टर्बो चालत्या-फिरत्या आहेत, नवीन आणखी महिन्याने घेईन. काचेवर दर तीन दिवसांनी हिरवी पूड धरते आणि ओव्हरफ्लोच्या दातांवर केसांची एक बट उगवलीय. चार महिन्यांपूर्वी ती बघून मी झोपलो नसतो. आता ब्लेनी तिथे उलटा लटकून ती कुरतडतो ते बघत बसतो.

शिमग्याला परत गावी जाणार आहे. या वेळी काकांना पुड्या दिल्या आणि डबा सोबत घेऊन जातोय.

१३:०:४५ मात्र १ किलोच्या खाली मिळालं नाही. ५० ग्रॅमही संपलेलं नाही. आईने दोन चमचे मोगऱ्याच्या कुंडीला घातलेत. बाकीचं कुणाला हवं असेल तर भांडुप स्टेशनला पश्चिमेला आणून देतो, डबा तेवढा आपला आणा. मुलुंडसाहेब, चेकर रविवारी परत करतो, कुप्या पुसून.