मदत हवी आहे : मावसबहिणीला पुन्हा नोकरी, पण शनिवार सोडून

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. मावसबहीण नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून ४ महिन्यांपूर्वी आमच्याकडे आली. लग्नाआधी अकाउंट्स बघायची. मधली ९ वर्षं घरातच. रोज टॅली उघडून बसते, पण दाराची बेल वाजली की हात थरथरतात. सर्टिफिकेटं सासरी अडकलीत. मुलाखतीत या ९ वर्षांचं काय सांगावं?

शिवाय शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा काम न करण्याचा पवित्र दिवस. कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण त्या दिवशी घाणा बंद. आज ती सुट्टी मागायची कशी?

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नवऱ्याला तिच्या कामाच्या जागी यायला कोर्ट मनाई करू शकतं. असा आदेश कुणी घेतलाय का? ऑफिसात आधीच सांगितलंत? समाज लहान आहे, बातमी लगेच फिरते. कृपया मेसेजच करा.