मदत हवी आहे: जुन्या मागांबद्दल बाबांशी कसं बोलू?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जुने यंत्रमाग सारखे बंद पडतात, तरी बाबा जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) आणि सुट्या भागांवर पैसे घालतच राहतात. म्हणतात, "एवढे घातलेत, आता भंगारात कसे देऊ?" माग ठेवले काय, विकले काय, गेलेला पैसा गेलाच, विचार पुढच्या खर्चाचा हवा. हिशेबाने त्यांना पटतं, मनाला नाही. नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढाच तोटा जास्त बोचतो, हे मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलंय. त्यात माग आजोबांच्या वेळचे, म्हणून वाद नको वाटतो. "हे माग आपल्याकडे नसते, तर आज विकत घेतले असते का?" असं विचारू का? घरात कुणी हा विषय काढलाय? त्यांना न दुखावता सुरुवात कशी केलीत?