पंधरा की सोळा इंच?

मारुती बलेनो गाडीसाठी १५ इंची साधी चाकं ठेवावीत की वरच्या मॉडेलसारखी १६ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं), हा तुमचा प्रश्न. त्याखाली एकाने 'रुंद टायर टाका, बाकी विसरा' असं सांगितलंय. ते तेवढं सोपं नाही.

जरा आकडेमोड करू. १८५/६५ आर १५ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) मध्ये टायरची भिंत, म्हणजे रिम ते रस्ता, साधारण १२० मिमी. १९५/५५ आर १६ मध्ये १०७. चाकाची एकूण उंची मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, ६२१ मिमी. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, पण खड्ड्याचा दणका झेलणारं रबर १३ मिमीने कमी होतं. गेल्या पावसाळ्यात कोकणात उतरताना माझी १६ इंची रिम वाकली तेव्हा हे १३ मिमी नीट कळले! १६ इंचीवर गाडी वळणावर जास्त बसून चालते हे खरं, पण मागे आई-बाबा आणि पोरं असताना वळणं कोण एवढी घेतंय?

१५ च्याच रिमवर १९५/६५ टाकायचा सल्लाही मिळेल. त्यात चाक साधारण २ टक्के मोठं होतं, काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ला असेल. चालून जातं, फक्त पूर्ण स्टेअरिंग फिरवून कुठे घासत नाही ना ते आधी बघा आणि वॉरंटीचं विचारून घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) मूळच्या ८८ पेक्षा कमी नको.

मी असतो तर १५ च ठेवले असते, आणि वाचलेल्या पैशांत चांगल्या कंपनीचे टायर घेतले असते.