मदत हवी आहे: माकडांचं जुनं जपानी काकेजिकु, खरं आहे का आणि रत्नागिरीच्या हवेत टिकेल का?

समुद्रकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जुनी चित्रं, कापड-कागदाची दुरुस्ती यातलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे. प्रश्न तीन आहेत आणि एकमेकांत अडकलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आम्ही ओसाकाला राहतो आणि आता कायमचे रत्नागिरीला परत चाललोय. क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला जुना बाजार भरतो, तिथून मी एक काकेजिकु घेतलंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, काकेजिकु म्हणजे रेशमावर नाहीतर कागदावर काढलेलं उभं चित्र, भोवती किनखापाच्या पट्ट्या, मागे कागदाचं अस्तर, वर पातळ काठी आणि खाली गोल रूळ, गुंडाळून पेटीत ठेवायचं. जपानी घरात तोकोनोमा नावाचा कोनाडा असतो तिथे ऋतू बघून लावतात आणि ऋतू सरला की काढतात.

माझ्या चित्रात लाल तोंडाची माकडीण खडकावर बसलीय आणि पिल्लू पोटाशी घट्ट बिलगलंय, ती मात्र बघतेय दुसरीकडेच, कसला तरी आवाज ऐकल्यासारखी. अंगावरचा एकेक केस वेगळा काढलाय, मानेजवळ दाट, पोटाकडे विरळ, आणि पिल्लाची बोटं आईच्या केसांत रुतलेली दिसतात. मी रोज बघते तरी मन भरत नाही.

सही शेजारच्या आजोबांनी वाचून दिली, सोसेन. मोरी सोसेन (1747 ते 1821) हा ओसाकाचाच चित्रकार, माकडं काढावीत तर यानेच असं त्याचं नाव होतं. साठीच्या सुमाराला, 1807 च्या आसपास, त्याने नावातलं पहिलं अक्षर बदलून माकड या अर्थाचं अक्षर घेतलं, उच्चार तोच ठेवला. माझ्या चित्रावर हे नंतरचं अक्षर आहे. पण त्याच्या नकला त्याच्या काळापासूनच ढिगाने झाल्यात, विकणाऱ्यानेही खरं-खोटं काही सांगितलं नाही आणि किंमत काही हजार येनच होती, म्हणजे अस्सल सोसेन असेल अशी आशा मी धरलेली नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की हे हाताने काढलेलं आहे की छापलेलं.

दुसरा प्रश्न अवस्थेचा. रेशीम चहासारखं तपकिरी झालंय, आडव्या चुण्या पडल्यात, वरून लोंबणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक सुटायला आलीय आणि खालच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपके आहेत. इथे एक जण म्हणतो सगळं सोडवून नव्याने मढवून घ्या, आणि माझा दीर म्हणतो चित्र तेवढं कापून घे, गावी फ्रेमवाल्याकडून काचेत बसवू. मला दोन्हीची भीती वाटते. आमच्या घरात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, समुद्र जवळ, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. तिथे काय करू?

तिसरं म्हणजे रुळाच्या दोन्ही टोकांना पांढरट पिवळ्या बोंड्या आहेत. हस्तिदंत असेल तर भारतात नेताना अडचण येईल का?

आगाऊ धन्यवाद.

पारिजात

समुद्रकाठताई, वर्णन वाचूनच बघावंसं वाटलं. तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तो टाळता येणार नाही. हस्तिदंत असेल तर आहे तसं आणू नका, जुनं आहे, घरगुती आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. हस्तिदंताच्या देशाबाहेरच्या ने-आणीवर साइट्स कराराची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंधनं आहेत आणि आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, 1991 च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकेतल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. कस्टमला पकडलं तर बोंड्यांपायी चित्र अडकेल.

आधी ओळखा. बोंडीचा सपाट तोंडाकडचा भाग भिंगाखाली धरा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. हाडात बारीक काळसर टिंबं किंवा रेघोट्या दिसतात, आणि प्लास्टिक असेल तर काहीच नाही, सगळीकडे एकसारखं. हरणाचं शिंग, लाकूड, लाख, चिनी माती यांच्याही बोंड्या असतात, पांढरं दिसलं म्हणजे हस्तिदंतच असं नाही. शंका राहिली तर ओसाका सोडायच्या आधी काकेजिकु मढवणाऱ्या कारागिराकडे, त्यांना ह्योगुशी म्हणतात, फक्त बोंड्या बदलून लाकडाच्या लावून घ्या. त्यासाठी पूर्ण चित्र सोडवावं लागत नाही. विमानतळावर विचारलं तर दाखवायला बदलल्याची पावती जपून ठेवा.

घाटावरचा

मी कागदाच्या दुरुस्तीचं काम करतो, जपानी चित्रं थोडीफार हाताखालून गेलीत.

हाताचं की छापलेलं, हे दहापट भिंगाने घरीच बघता येतं. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की छपाई, विषय संपला. पण ठिपके नाहीत म्हणजे हाताचंच असंही नाही, कारण जपानमध्ये कोलोटाइपच्या, म्हणजे फोटोवरून करायच्या एका जुन्या छपाईच्या, फार सुंदर प्रती निघाल्यात, त्यात जाळी नसते. म्हणून केसांच्या रेघा बघा, हाताच्या रेघेत शाई सुरुवातीला जास्त आणि टोकाला सुकत गेलेली असते, आणि ती रेशमाच्या धाग्यांत शिरलेली दिसते. पिल्लाच्या डोळ्यातला किंवा दातांचा पांढरा ठिपका बघा, तो शिंपल्यांच्या भुकटीचा रंग असतो, गोफुन म्हणतात, तिरप्या उजेडात त्याला जाडी दिसते. शिक्का पण बघा, खरा लाल शिक्का पृष्ठभागावर किंचित उठून बसतो.

पेटीवर चित्रकाराची सही नसेल तर नाउमेद होऊ नका. चित्रकाराने स्वतः पेटीवर लिहून द्यायची पद्धत मेजी काळापासून (1868 ते 1912) जास्त रुळली, त्याआधीच्या चित्रांना नंतरच्या पेट्या असतातच. आणि सोसेनची सही पण हात दुसराच, हे फार सापडतं. त्याचा दत्तक मुलगा मोरी तेत्सुझान (1775 ते 1841) स्वतः प्राण्यांचा चांगला चित्रकार होता, आणि मागे शिष्यांची नि नकलाकारांची रांग. तुम्ही म्हणता ती बोटं केसांत रुतलेली खरंच तशी असतील तर हात तयार आहे, सही कुणाची का असेना.

एक सांगतो, त्या काळी प्राणी समोर बसवून काढणं किती मोठी गोष्ट होती ते वाघांवरून कळतं. जपानात वाघ नव्हतेच, मारुयामा ओक्योसारखा मोठा चित्रकार कातडी आणि मांजर बघून वाघ काढायचा, म्हणून त्या काळचे वाघ मांजरासारखे वाटतात. माकडं मात्र तिथल्या रानातलीच, बघून काढलेली, त्यामुळे त्या माकडिणीच्या नजरेत तुम्हाला जे दिसलं ते उगाच नाही.

आता फ्रेम. कृपा करून कापू नका. भोवतीचं कापडही त्या वस्तूचाच भाग आहे, आणि फ्रेमवाला फेविकॉलने चिकटवणार, तो पुढे पाण्याने सुटत नाही. काकेजिकु गव्हाच्या खळीने चिकटवलेलं असतं, शंभर वर्षांनी सुद्धा ओलावा देऊन उलगडता येतं, सगळी हुशारी त्यातच आहे. शिवाय दमट हवेत काच रेशमाला टेकली की बुरशी आलीच. नव्याने मढवणं मात्र लगेच करू नका. त्यात चित्र ओलं करून जुनं अस्तर सोलावं लागतं, रंग सुटत असेल तर नुकसान होतं. रंगाचे पोपडे निघत नसतील आणि रेशीम चुणीवर तुटत नसेल तर सुटलेली पट्टी शिवून घ्या आणि चुण्यांना मागून कागदाच्या बारीक पट्ट्या लावून घ्या, पुरे. कधी पूर्ण करायची वेळ आलीच तर हाताने, खळीने करणाऱ्याकडे द्या. यंत्रावर गरम दाबून चिकटवतात ते स्वस्त पडतं पण नंतर सोडवताना चित्राचे हाल होतात.

समुद्रकाठ (धागाकर्ती)

पारिजातताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. भिंग आणून बघितलं. ठिपके नाहीत, केसांच्या रेघा टोकाला खरंच सुकत जातात आणि डोळ्यातला पांढरा ठिपका उठून दिसतो! बोंडीवर मात्र जाळीसारखं दिसतंय, म्हणजे बदलायच्याच. पावसाळ्याचं अजून सांगा ना, घरी डांबराच्या गोळ्या घालून ठेवू का पेटीत?

घाटावरचा

डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र तर मुळीच नको, दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतात. जपानमध्ये काकेजिकुसाठीची कीटकनाशक पुडी मिळते, तीच एक घ्या, चित्राला न लागेल अशी ठेवा. सिलिका जेल भरमसाट घालू नका, रेशीम फार कोरडं झालं की चिरतं.

किरी नावाच्या हलक्या जपानी लाकडाची पेटी असेल तर ती दमट हवेत थोडी फुगून झाकण घट्ट बसतं, निम्मं काम तीच करते. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको, आतल्या खोलीत उंचावर ठेवा. पावसाळाभर उघडूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सावलीत दोनतीन तास टांगून वारा द्या. लावायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत दोनतीन आठवडे, ऊन आणि एसीचा झोत टाळून. म्युझियमवाले पण असंच करतात, इतो जाकुचू या जुन्या जपानी चित्रकाराची पक्षी-प्राण्यांची 30 चित्रं 2012 मध्ये वॉशिंग्टनला नेली तेव्हा फक्त महिनाभर दाखवली होती. आणि चुण्या आहेत म्हणून फुतोमाकी घ्या, रुळावर चढवायचं जाड लाकडी आवरण, गुंडाळी मोठी होते आणि रेशीम कमी मुडपतं. इथे मिळणार नाही, तिथूनच आणा. पेटीत मावतंय का तेवढं मोजून घ्या.

पारिजात

पुढे मोठं काही लागलं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथे विचारा. टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तूही तिथे आहेत, बघायला म्हणून पण जा.

समुद्रकाठ (धागाकर्ती)

फुतोमाकी आणि बोंड्या दोन्ही या आठवड्यात करून घेते, ह्योगुशींची वेळ घेतली आहे. दिराला हा धागाच पाठवलाय. रत्नागिरी-कोल्हापूर बाजूला कागद-कापडावरच्या चित्रांचं काम जाणणारं कोणी असेल तर इथेच लिहा, पावसाआधी एकदा दाखवून घ्यायचंय.