रिव्हर्स मॉर्गेज आणि वृद्धाश्रमाची फी

कुणीतरी सुचवलंय की राहतं घर रिव्हर्स मॉर्गेजला ठेवावं (म्हणजे ज्येष्ठांनी घर तारण ठेवून बँकेकडून पैसे घ्यायचे, घरात राहत असेपर्यंत परतफेड नाही) आणि त्या पैशातून वृद्धाश्रमाची मासिक फी भरावी. इथे मोठी अडचण आहे. हे कर्ज राहत्या घरावर मिळतं, आणि कर्जदार कायमचा घराबाहेर पडला की ते परतफेडीला येतं. राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण सलग वर्षभर कर्जदार आणि सहकर्जदार दोघंही घरात राहिले नाहीत, तर तो कायमचा मुक्काम हलवणं धरतात. जोडीदार सहकर्जदार असेल आणि घरीच राहणार असेल, तरच हा मार्ग चालतो. एकट्या माणसाने यात कृपया पडू नये. घर भाड्याने देणं किंवा विकणं जास्त सुरक्षित.

विकलंत तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी 30 लाख ठेवता येतात. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये, करापूर्वी. मात्र व्याजदर पाच वर्षं तोच राहतो आणि फी दरवर्षी वाढू शकते. आश्रमाची अनामत यातून देऊ नका, आधीच बाजूला काढा: दुसऱ्या वर्षात खातं मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का.