मदत हवी आहे: मुलं स्वतःचा अंदाज खोडून बघायला कशी शिकतील?

आठवीला विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे लंबकावर मुलांना छान जमलं. दोऱ्याची लांबी बदलली की झोक्याचा वेळ बदलतो, वजनाने फरक पडत नाही, हे त्यांनी मोजून काढलं. (दहा झोके मोजून दहाने भागायचं, हे एका मुलीनेच सुचवलं.)

अडतंय पुढे. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली मांडलेला २-४-६ चा खेळ घेतला. २-४-६ माझ्या मनातल्या नियमात बसतात एवढं सांगायचं; मुलांनी आणखी तीन-तीन संख्या विचारायच्या, मी 'बसतात' किंवा 'नाही' म्हणायचं, आणि त्यावरून त्यांनी नियम ओळखायचा. खरा नियम एवढाच: संख्या चढत्या क्रमाने हव्यात. मुलं ८-१०-१२, २०-२२-२४ असंच विचारत राहिली आणि 'दोन-दोनने वाढतात' असं ठाम उत्तर दिलं. १-२-३ किंवा ६-४-२ विचारून बघावं असं जवळपास कुणाला सुचलं नाही. नियम सांगितल्यावर पटलं, पुढच्या खेळात जमलंही. पण आठवड्याने बी रुजण्याच्या प्रयोगात पुन्हा तेच! 'उजेड लागतोच' म्हणून सगळ्या वाट्या उजेडात, अंधारात एकही नाही.

"तुझं चुकत असेल तर काय दिसेल?" असं मी विचारलं तर उत्तर येतं, आपणहून कुणी विचारत नाही. वहीत तसा रकाना आखून दिला. तो प्रयोग संपल्यावर भरला जातो.

चाळीस मुलं, ३५ मिनिटांचा तास, प्रयोगशाळा नाही. व्याख्या पाठ करून घ्यायच्या नाहीत. हा प्रश्न मुलांना स्वतःहून पडावा यासाठी तुम्ही वर्गात नेमकं काय केलंत, आणि विषय बदलल्यावरही तो टिकला का?