काही काम नसताना कुठं जायचं असेल तर घरी काय सांगता?

वावरातली पोर

पुसद तालुक्यातलं आमचं गाव. बीए दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. प्रश्न साधा आहे. ज्या पोरींना, बायांना काहीच काम नसताना उगाच कुठंतरी जाऊन यावंसं वाटतं, त्या घरी काय सांगतात?

आधी माझा दिवस सांगते. पहाटे नळ आला की पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, सातची एसटी धरायची. दुपारी कॉलेजातून परत. सध्या कापूस फुटलाय, म्हणून जेवण झालं की ओटी बांधून वावरात. वेचणी बघणाऱ्याला सोपी वाटते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेत घुसतात, आणि रात्री वही घेऊन बसलं की पेन धरणारं बोटच नेमकं ठणकतं. कामाबद्दल तक्रार नाही, ते घरोघरी आहे. पण उद्या वावरात कोणत्या ओळीला लागायचं हे आजच ठरलेलं असतं, परवाचंही ठरलेलं असतं, आणि डोकं मात्र फाट्यावरून वाशीमकडं जाणाऱ्या गाडीत जाऊन बसतं.

मला लोणार पाहायचंय. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं विवर, व्यास साधारण 1.8 किलोमीटर, पाणी खारं आणि अल्कधर्मी, हे सगळं पाठ आहे. आकृतीला मार्कही मिळाले. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा मी शाळेत होते, शेजारच्या काकूंच्या फोनवर फोटो पाहिला. मध्ये फक्त वाशीम जिल्हा आडवा आहे, तरी अजून गेले नाही.

भाऊ माझ्याहून लहान. दिवाळीनंतर मित्रांसोबत मोटरसायकलवर चिखलदऱ्याला गेला, दुसऱ्या दिवशी रात्री उगवला. आईनं विचारलं, "जेवला का?" बस. मी लोणारचं नाव काढलं तर, "कोणासंग? कायले? पेपर हाय का तिथं?" गंमत म्हणजे पेपर असला की मी नागपूरलाही एकटी जाते. तेव्हा रस्त्यात काही धोका नसतो वाटतं.

मुक्कामी गाडी

ताई, रस्ता सोपा आहे. पुसदहून वाशीम, तिथून रिसोड, रिसोडहून लोणार. पहाटे निघालं तर एका दिवसात होतं, फक्त परतीच्या गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी स्टँडवर विचारून ठेव. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचाही फार प्रश्न नाही. (आमच्या गावात काही लोकांचं पोट तेव्हापासून दुखतंय. "बाया नुसत्या हिंडतात" म्हणे. हेच लोक दिवसभर पानठेल्यावर बसलेले असतात.)

घरी काय सांगायचं? खाली सरोवराच्या काठी कमळजादेवीचं देऊळ आहे. "देवीले जाऊन येतो" म्हण. देवीच्या नावावर कोणी अडवत नाही. माझी बहीण असंच करते.

वावरातली पोर

दादा, युक्ती चालेल, यात शंकाच नाही. पण चिखलदऱ्याला जाताना भावानं कोणत्या देवाचं नाव घेतलं होतं? त्यानं "जातो" म्हटलं आणि किक मारली. मला तेवढंच म्हणून निघायचंय.

रिटायर मास्तर

बेटा, मी अमरावती जिल्ह्यातला. तुझ्या वडिलांना एकदम खलनायक करू नको. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली, फोनला रेंज नाही, तर त्या माणसाला रात्रभर डोळा लागणार नाही. अर्थात हीच काळजी मुलाच्या बाबतीत कुठं जाते, हे मलाही या वयात नीट सांगता येत नाही. माझ्या घरीही तसंच होतं.

पण पोरीनं हिंडू नये ही आपल्या भागातली जुनी रीत आहे असं कोणी म्हणालं तर मानू नको. माझी आजी महानुभाव उपदेशी होती, म्हणजे त्या पंथाचा उपदेश घेतलेली, दरवर्षी पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला जायची. तिच्या तोंडी सतत महदाइसा. तेराव्या शतकातली, हा पंथ स्थापणाऱ्या श्रीचक्रधरांची शिष्या, मराठीतली आद्य कवयित्री. ही बाई रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याकडं आली, तिथंच धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले. त्या पंथात अटन, म्हणजे गावोगाव हिंडणं, हा साधनेचाच भाग होता आणि बायांनाही दीक्षा होती. रस्ते नाहीत, एसटी नाही, मध्ये जंगल आणि नद्या. तरी बाया चालत होत्या.

वावरातली पोर

मास्तर, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरंच आवडलं. पण खोचक बोलते, माफ करा. महदाइसा बालविधवा होती ना? म्हणजे "सैपाक कोण करल" म्हणणारा नवरा नाही, सासर नाही. आणि निघायला तिलाही देवाचंच निमित्त लागलं. इतकी शतकं उलटली आणि वरच्या दादांचा सल्ला तोच आहे, देवीला जाते म्हण.

रिटायर मास्तर

बिनतोड आहे. परीक्षेत असंच लिहीत जा.

तिकीट घ्या तिकीट

मी एसटीत वाहक आहे, डेपोचं नाव सांगत नाही. पोरी, तुला वाटत असेल ही बाई रोज फिरते, मजा आहे हिची. मी रोज त्याच रस्त्यानं जाते, तीच गावं, सुट्ट्या पैशांवरून तेच भांडण. प्रवासाचाही कंटाळा येतो बरं. मला घरी कोणी "कायले" विचारत नाही, कारण पगार येतो. पण सुट्टीच्या दिवशी मी कुठं निघाले की आमच्याकडंही भुवया वर जातात. आता मी काही सांगतच नाही. ओट्यावर सैपाक झाकून ठेवते, नवऱ्याला "संध्याकाळी येते" म्हणते आणि निघते. पहिल्या वेळेस चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी त्यालाच चहा पाहिजे होता.

तुझं वेगळं आहे, तू बापाच्या घरी आहेस, फी तेच भरतात. म्हणून खोटं बोलू नको एवढंच म्हणेन. एकदा पकडली गेलीस तर पेपरसाठीसुद्धा सोडणार नाहीत.

आणि कोणी लिहीत नाही ते मी लिहिते. सगळ्यात मोठी अडचण छेडछाड नसते, लघवीची असते. सगळ्या स्टँडवर बायांची सोय धड नसते. आम्ही ड्यूटीवर पाणी कमी पितो आणि मग दुखणी काढतो. तू तसं करू नको. जिथं सोय बरी दिसेल तिथं गाडी बदलतानाच उरकून घे, पुढचं पुढं म्हणून थांबू नको.

वावरातली पोर

काल रात्री सांगून टाकलं. देवी नाही, पेपर नाही, "नुसतं पाहायला जायचंय" म्हटलं. बाबा बराच वेळ टीव्हीकडं बघत होते. मग म्हणाले, "मायले विचार."

आई भांडी घासत होती. मला वाटलं आता सुरू होईल. ती म्हणाली, "मले काहून नाही नेत?" लग्नाला, मयतीला, दवाखान्यात आणि माहेरी, या चार ठिकाणांपलीकडं ती कधी गाडीत बसलेली नाही. हे मला तिनं सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं, आणि मी इथं समानतेवर लिहीत होते.

आता पंचाईत अशी की मला एकटीला जायचं होतं. पण नाही कसं म्हणू? भाऊ विचारतोय, दोघी गेल्या तर वेचणीले कोण. मजूर बाया एक दिवस जास्त सांगाव्या लागतील, ते बाबा बघतो म्हणाले.

आईचे गुडघे दुखतात. विवरात खाली उतरायला जमेल का तिला? कोणी गेलं असेल तर सांगा.

मुक्कामी गाडी

उतरताना जमेल, चढताना हाल होतील. चढ उभा आहे, वाटेत दगड आहेत. त्यांना गोमुखाजवळ काठावर बसव, तिथून सरोवर दिसतं आणि धारेचं पाणी गोडं आहे. दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, तिथलं कोरीव काम दोघींना निवांत बघता येईल. तू एकटी खाली जाऊन ये.

तिकीट घ्या तिकीट

आणि खिडकीची जागा आईला दे.